भावोजी काही सांगत नाहीत

डॉक्टरची परीक्षा घ्यायला म्हणून दवाखान्यात जाणारा माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीचे लोक दुखलं-खुपलं की जातात तसे आमचे भावोजीही जात. पण एकदा खुर्चीवर बसले की ते तोंड मिटून घेत, हात मांडीवर ठेवत आणि समोरच्या डॉक्टरकडे असे बघत, की डॉक्टरच नकळत सावरून बसे. काय होतंय, असं विचारलं की भावोजी शांतपणे म्हणत, "ते तुमी सांगा. मीच सांगायचं, तर मंग तुमी शिकलात कशाला?" यावर काही डॉक्टर हसत, काही चिडत, आणि बहुतेक जण रक्तदाब बघून कसली तरी ताकदीची गोळी लिहून देत. भावोजी बाहेर येऊन चपला घालता घालता निकाल जाहीर करत, "नापास." एकदा दवाखान्यात शिरताना त्यांच्या डोळ्यात धूळ गेली आणि ते आत डोळे मिचकावत बसले. त्या डॉक्टरने डोळ्यांत घालायचे थेंब दिले. गेले होते ते पोट बिघडलं म्हणून. थेंबांची ती बाटली भावोजींनी कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

हा नियम डॉक्टरांपुरता नव्हता. स्कूटर बंद पडली तेव्हा ती ढकलत बोईसरच्या मेकॅनिकपुढे नेऊन उभी केली आणि स्वतः टायरवर बसून राहिले. त्या बिचाऱ्याने प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, केबल बघितली, शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर आत पेट्रोलचा थेंब नाही. हे भावोजींना घरून निघतानाच ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, सांगितलं असतं तर त्याला काम येतं की नाय ते मला कसं कळलं असतं? मुलीच्या लग्नात सफारी शिवायला टाकली, तेव्हा शिंप्याने टेप काढली तर ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली आणि नुसत्या नजरेने माप घ्यायला सांगितलं. सफारी दिसायला झकास झाली, फक्त काखेत इतकी घट्ट, की हात खाली सोडले की कापड काखेत रुतायचं. लग्नाच्या एकाही फोटोत भावोजींचे हात खाली नाहीत. अल्बम बघणारे म्हणतात, बापाची माया बघा, सारखा आशीर्वाद देतोय.

या सगळ्याचं मूळ बॉयलरमध्ये होतं. दांडीच्या किनाऱ्यावर जन्मलेला हा माणूस, वडिलांची होडी, भावाचं जाळं, आणि याला मात्र बोटीत बसलं की भडभडून यायचं. म्हणून तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका कंपनीत चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथला बॉयलर सांभाळत राहिले. सायकल गेटाशी लावतानाच आतल्या आवाजावरून त्यांना कळायचं की आज पाणी कमी पडतंय की तेलात कचरा आहे. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. "बॉयलर काय तोंडाने बोलतो का? तरी मला कळायचं ना," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय, की माझी मुलं ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतात.

आणि ताई? तिने हा बॉयलर आपल्या परीने ओळखायला शिकून घेतला होता. जेवताना आमटी खारट झाली की भावोजी कधी सांगायचे नाहीत. ते पहिल्या घासानंतर पाणी प्यायचे. मीठ कमी असेल तर भात उगाच चाळवत बसायचे. कालवण जमलं असेल तर डोळे वर न करता जेवायचे आणि तेवढ्यावर ताईने धन्य व्हायचं. लग्न झाल्यापासून ती हेच वाचत आली. मी पालघरला शाळेत मास्तरीण, सगळ्या गोष्टी तोंडाने स्पष्ट सांगाव्यात असं मुलांना ओरडून शिकवणारी. मला हा प्रकार असह्य व्हायचा. ताईला मी म्हणायचे, तू कशी राहतेस गं या माणसाबरोबर? ती म्हणायची, "बोलणारे नवरे बघितलेस ना शेजारपाजारचे? त्यापेक्षा हे बरं हाय."

भावोजींना शुगर निघाली ती कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीत. तेव्हा त्यांनी ती कंपनीची मानली. कंपनीची नोकरी संपली की तीही संपेल असा त्यांचा हिशोब. ती संपली नाही, तर ते तिच्याकडे सरळ दुर्लक्ष करू लागले. सकाळ-संध्याकाळ ताई चहाबरोबर तळहातावर गोळी ठेवायची आणि ते ती न बघता गिळायचे, बोलणं नको म्हणून.

त्यांच्या पायांना काहीतरी होतंय, हे पहिल्यांदा ताईलाच कळलं. ऐन पौषात, समुद्रावरून गार वारा सुटलेला असताना, झोपेत त्यांचे पाय गोधडीबाहेर यायला लागले. मग दिवाणाची जागा बदलली. पाय भिंतीला टेकले पाहिजेत, भिंत गार असते म्हणून. मग बालदीत पाणी घेऊन संध्याकाळी त्यात पाय सोडून बसणं सुरू झालं. ताईने विचारलं तर उत्तर नाही. त्यांचं स्वतःचं संशोधन मात्र जोरात चालू होतं. आधी त्यांनी लाद्यांवर आरोप ठेवला, नवीन लादी उष्णता धरून ठेवते म्हणून. घरभर गोणपाटं अंथरली गेली आणि त्यात अडखळून शेजारीण पडली. गोणपाटांनी फरक पडेना तेव्हा गुन्हा चपलांवर गेला. रबराने आग होते असं ठरवून त्यांनी घरात आणि अंगणात चपला घालणंच सोडलं. तिकडे बोंबील वाळवायला बांबूचे मांडव उभे, खाली काटे-कुटे, पण हे आपले अनवाणी फिरत. मधल्या काळात दोन-तीन डॉक्टर नापास झाले. पायांचं नावसुद्धा न घेता पाय बरे करून हवे होते भावोजींना.

मग वैशाखातली ती दुपार. भावोजी आमच्याकडे पालघरला आले, दांडीहून बोईसर, तिथून एसटी, आणि स्टँडपासून घरापर्यंत चालत. मुलांसाठी ताडगोळे आणले होते. ते आत येऊन बसले, मी पाणी दिलं, आणि दारातली पायपुसणी नीट करायला गेले, तर तिथे त्यांची एकच चप्पल. मला वाटलं कुत्र्याने पळवली. आम्ही सगळे शोधायला लागलो, सोसायटीच्या जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे. भावोजीही कमरेवर हात ठेवून शोधत होते आणि पालघरची कुत्री कशी दांडीच्या कुत्र्यांपेक्षा बेशिस्त आहेत यावर बोलत होते. माझा धाकटा हसून लोळत होता. मीही हसत होते. मग भावोजी दिवाणावर मांडी घालून बसले आणि मला त्यांचे तळवे दिसले. एक मळलेला, नेहमीसारखा. दुसरा काळाकुट्ट, डांबराच्या रस्त्याची धूळ आणि काजळी घासून घासून बसलेली.

चप्पल आमच्या दारातून गेलीच नव्हती. ती स्टँडवरच कुठेतरी, एसटीतून उतरताना, पायातून निसटली होती, आणि त्या तापलेल्या डांबरावरून भावोजी एका अनवाणी पायाने आमच्या घरापर्यंत चालत आले होते. त्यांना कळलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. माझं लक्ष कुठे आहे ते त्यांनी बघितलं आणि तो पाय मांडीखाली दडवला. "ताईला सांगू नको, बाय," एवढंच म्हणाले. मी अर्थातच संध्याकाळी ताईला फोन केला.

बोईसरला नवापूर रस्त्यावर एका बाई डॉक्टरांचा दवाखाना आहे. शुगरच्या पेशंटांची तिथे रांग असते. त्यात कारखान्यांतले उत्तरेकडचे कामगार, मासे विकून आलेल्या बायका, मास्तर, सगळे. आमच्या शाळेतल्या शिपायाने त्यांचं नाव सुचवलं होतं. भावोजी यायला तयार झाले ते एका अटीवर: आम्ही दोघी बहिणींनी आत एक अक्षर बोलायचं नाही. आम्ही कबूल केलं. मला वाटलं होतं, आणखी एक नापास होणार आणि आपण दिवस फुकट घालवणार.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, मोठ्या चष्म्याच्या. काय त्रास होतोय, त्यांनी विचारलं. भावोजींनी ठरलेलं उत्तर दिलं. बाई हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची थोडी मागे घेतली आणि टेबलाच्या कडेवरून खाली बघितलं. तिथे भावोजींच्या नव्या चपला होत्या. त्या प्रसंगानंतर त्यांनी त्या नायलॉनच्या दोरीने घोट्याला बांधल्या होत्या, निसटू नये म्हणून.

"काका, चपला दोरीने का बांधल्यात?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात ताईने पिशवीतून शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढून आवाज न करता टेबलावर ठेवली. बोलायचं नाही असं ठरलं होतं. ठेवायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. बाईंनी पट्टी बघितली, चपला बघितल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तोंडाने काही सांगू नका. पण पाय मात्र माझ्याकडे द्या. तेवढं तरी करायला लागेल."

पुढचा बराच वेळ त्या भावोजींच्या पायांशी होत्या. बाहेर गर्दी होती, दरवाजा दोनदा उघडून बंद झाला, पण त्यांनी घाई केली नाही. दोन्ही पाय उजेडात घेऊन बोटांच्या मधून, टाचेखालून बघितलं. कातडी किती कोरडी पडलीये, नडगीवरचे केस गेलेत का, तेही बघितलं. उजव्या तळव्यापाशी जरा थांबल्या आणि पुढे गेल्या. पावलावर आणि घोट्यामागे बोटं दाबून नाडी शोधली आणि ती चांगली लागतेय असं स्वतःशीच म्हणाल्या. रबरी हातोडीने गुडघ्याखाली मारलं तर पाय टुणकन उडाला आणि भावोजींना फार आनंद झाला. घोट्याच्या मागे मारलं तर पाऊल हललंच नाही. त्यांनी पुन्हा मारलं. "जोरात मारा," भावोजी म्हणाले. "जोराचा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक छोटी दांडी काढली, तिच्या टोकाला जाडसा पारदर्शक धागा. भावोजींचा चेहरा उजळला. "हा तर तंगूस हाय. जाळ्याचा," ते म्हणाले. धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि पेशंटने डोळे मिटून, लागलं की हो म्हणायचं. आधी त्यांनी तो मनगटावर टेकवून दाखवला, कसं लागतं ते कळावं म्हणून. भावोजींनी डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याला धागा लावला. "हो." करंगळीला लावला. "हो." तळव्याला, टाचेला. हो, हो. ठेक्यात उत्तरं येत होती. ताईचा चेहरा सैल झाला. मलाही वाटलं, उगाच घाबरलो आपण.

आणि मग मी बघितलं, की बाईंचे दोन्ही हात मांडीवर आहेत. त्या नुसत्या बसून भावोजींकडे बघत होत्या, आणि भावोजी डोळे मिटून, मान किंचित वर करून, म्हणत होते, हो... हो... हो.

मला हसू आलं, आणि मी ताईकडे बघितलं. ताईने पदर तोंडाला लावला होता.

बाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी काढून हातावर आपटलं. ते घुमू लागलं. त्याचा दांडा त्यांनी भावोजींच्या मनगटाच्या हाडावर टेकवला. भावोजी म्हणाले, झिणझिण लागतंय, बॉयलरला पाणी चढवणारा फीडपंप चालू असताना पाइपाला हात लावला की लागायचं तसं. बाईंना ती उपमा आवडली असावी. मग त्यांनी ते पुन्हा आपटून पायाच्या अंगठ्यावर धरलं. भावोजी डोळे मिटून वाट बघत होते.

"चालू करा ना आता," ते म्हणाले.

"चालूच आहे, काका," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. दांडा त्यांच्या अंगठ्यावर टेकलेला होता आणि त्याच्या दोन्ही पात्या थरथरत होत्या, डोळ्यांना दिसत होतं. भावोजी त्याच्याकडे बघत राहिले, आवाज विरून तो स्थिर होईपर्यंत. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर जो परीक्षकाचा रुबाब होता, तो गेला.

बाईंनी मग उजवा पाय पुन्हा हातात घेतला, जिथे मघाशी थांबल्या होत्या तिथे औषधाने पुसलं, आणि चिमट्याने बांबूचा काडीएवढा तुकडा ओढून काढला. बऱ्याच दिवसांचा असावा, भोवती पू धरलेला. भावोजी बघत होते आणि त्यांचा पाय जरासुद्धा मागे सरकला नाही. बाईंनी तो तुकडा कापसावर ठेवून त्यांच्यापुढे धरला. "हा किती दिवस घेऊन फिरताय, माहीत आहे?"

भावोजींनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "पाय कापनार तुमी."

ते विचारत नव्हते. आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी माझ्या भावोजींना एखादी गोष्ट सांगताना ऐकलं. त्यांच्या मोठ्या भावालाही शुगर होती. त्याच्या पायाला जखम झाली, तो डॉक्टरकडे गेला, सगळं तोंडाने सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं, पाय कापला, आणि त्यानंतर तो पुन्हा होडीवर चढला नाही. पुढच्या पावसाच्या आतच गेला. त्याला खांद्यावर घेऊन गाडीत बसवणारे भावोजीच. "दादाने सांगितलं आनि पाय गेला," ते म्हणाले. "मी ठरवलं, आपण सांगायचं नाय."

बाईंनी विचारलं, "दादा डॉक्टरकडे गेले, तेव्हा जखम किती जुनी होती?"

भावोजी कापसावरच्या त्या तुकड्याकडे बघत होते. "महिना-दीड महिना असंल," ते हळूच म्हणाले. "फडकं गुंडाळून ठेवायचा. वयनीलापन म्हायीत नव्हतं."

बाईंनी जखम धुवायला घेतली. धुता धुता एवढंच म्हणाल्या, की ही जखम उथळ आहे, नाडी चांगली आहे, हा पाय कापायचा काही प्रश्न नाही. आता मात्र सांगा, काय काय होतं.

आणि भावोजी बोलायला लागले. बांध फुटावा तसे बोलले. तळव्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं, जमीन लागतच नाही. रात्र झाली की आग सुरू होते, भट्टीच्या दारापुढे पाय धरल्यासारखी. मध्येच करंटचा झटका यावा तसं होतं. लाल मुंग्या चढतात, बघावं तर मुंगी नसते. चादर नुसती घासली तरी सहन होत नाही. आधी फक्त बोटांत होतं, मग वर चढत चढत आता मोजे घालतात तिथवर आलंय, दोन्ही पायांत सारखं. ते थांबले आणि म्हणाले, जे सगळ्यात अवघड होतं ते हे: "लागत पन नाय आनि जळतं पन. दोनी एकदम. हे कोनाला कसं सांगायचं? येडा म्हनले असते मला."

"अहो, तेच तर सांगायचं असतं," बाई म्हणाल्या. "या दुखण्याची खूणच ती आहे."

ताई त्यांच्याकडे बघत होती. इतकी वर्षं पहिल्या घासावरून मीठ ओळखणारी ती बाई. तिला हे माहीत नव्हतं. "एवढं व्हायचं?" ती म्हणाली. भावोजींनी तिच्याकडे बघितलं नाही, पण खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात तिच्या हाताकडे थोडा सरकला.

मग बाईंनी आम्हा तिघांनाही बसवून समजावलं. शुगर बरीच वर्षं चढी राहिली की बारीक नसा बिघडतात, सगळ्यात लांबच्या आधी, म्हणून पायाच्या बोटांपासून सुरुवात. बिघडलेली नस खरं असेल ते कळवत नाही आणि नसलेलं कळवत राहते. दोन्ही पायांत सारखंच आहे, पायात जोर आहे, रक्त नीट पोचतंय, म्हणजे कंबरेचं किंवा रक्तवाहिन्यांचं दुखणं दिसत नाही. तरी रक्त तपासल्याशिवाय त्या शुगरवर सगळा दोष टाकणार नव्हत्या. मागच्या तीन महिन्यांची शुगर बघायची होती, थायरॉइड आणि मूत्रपिंडं बघायची होती, आणि बी-बारा. कारण शुगरची हीच गोळी बरीच वर्षं घेतली की ते जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही असाच त्रास होतो. दारू किती, हेही विचारलं. भावोजींनी हळदी-लग्नांपुरती असं उत्तर दिलं आणि ताईकडे बघितलं. ताईने मान हलवून ते मंजूर केलं. तारा लावून नसांची तपासणी करतात, ती करायची का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, रक्तात काही वेगळंच निघालं किंवा एकाच पायात वाढायला लागलं तर करू. आत्ता काकांनी जे सांगितलं आणि पायांनी जे सांगितलं, ते एकमेकांशी जुळतंय.

भावोजी हे सगळं मन लावून ऐकत होते. एक बिघाड सापडला म्हणून बाकीचे व्हॉल्व्ह न तपासता जाणारा माणूस त्यांना कधीच आवडला नव्हता. उठताना त्यांना राहवलं नाही. बॉयलर तोंडाने बोलत नाही, तरी मला कळायचं, असं त्यांनी बाईंनाही ऐकवलं. बाई औषध लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बॉयलर हात न लावता हो-हो पण म्हणत नसेल ना, काका?"

बाहेर येऊन भावोजींनी चपलांच्या दोऱ्या बांधल्या. आम्ही दोघी निकालाची वाट बघत उभ्या. "पास," ते म्हणाले, आणि रिक्षा शोधायला लागले.

रक्तात बी-बारा थोडं कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. तीन महिन्यांची शुगर बघून मात्र बाईंनी चष्मा काढून भावोजींकडे बघितलं होतं. गोळ्या बदलल्या, रात्रीसाठी नसांच्या दुखण्याची वेगळी गोळी आली, तिचा गुण यायला वेळ लागेल असं आधीच बजावलं होतं. जखम ताईने रोज धुतली. पाऊस सुरू होण्याआधी ती भरून आली, आणि त्या दिवशी ताईने मला जो फोन केला, त्यात ती कालवणाबद्दलच बोलत होती, पण आवाजावरून मला जखमेचं कळलं. भावोजी डॉक्टरीणबाईंकडे बर्फात ठेवलेली पापलेटं घेऊन गेले. बाई शाकाहारी निघाल्या. "हे तरी त्यांनी पयल्यांदा सांगायला पायजे होतं," असं भावोजी अजून म्हणतात. आता नारळ नेतात.

तेव्हापासून भावोजींचं जे झालंय त्याला कोणता डॉक्टर औषध देईल मला ठाऊक नाही. ते सगळं सांगतात. स्कूटरचा आवाज बदलला तर मेकॅनिकला त्या स्कूटरचं आत्तापर्यंतचं सगळं चरित्र ऐकावं लागतं. आमटीत मीठ किती, कोथिंबीर कुठल्या बाजूला कमी, हे पहिल्या घासाला जाहीर होतं आणि ताई मला फोन करून म्हणते, आधीचं बरं होतं गं. दवाखान्यात पाळी येईपर्यंत ते बाकावरच्या लोकांना उलटतपासणी घेऊन बोलतं करतात. एका परप्रांतीय कामगाराला त्यांनी आपल्या खास हिंदीत "शरमाने का नहीं, पाँव दिखाने का" असं दटावून बूट काढायला लावला, आणि त्याच्या टाचेला खरंच भेग निघाली. पुढच्या खेपेला तो माणूस भावोजींना नमस्कार करून गेला. मला ते आठवलं की उगाचच भरून येतं. त्या बाईंनी एका माणसासाठी घालवलेला तो वेळ कुठवर पोचला, याचा त्यांनाही पत्ता नसेल.

आग बरीच शमलीये. भावोजी आता गोधडीत पाय घेऊन झोपतात. पण जे गेलं ते परत आलेलं नाही. बाईंनी ते स्पष्ट सांगितलं होतं, दुखणं आवरेल, संवेदना येईलच असं नाही. रोज तळवे बघा, अनवाणी पाऊल टाकू नका. ते भावोजी तंतोतंत पाळतात.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी दांडीला गेले होते. संध्याकाळी तिघं किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती, होड्या वर ओढून ठेवलेल्या, बायका शेवटच्या टोपल्या उचलत होत्या. भावोजी पुढून बंद असलेले बूट घालून कोरड्या वाळूत उभे राहिले. ताईने चपला काढल्या, साडी जरा उचलून धरली आणि पाण्यात गेली. एक लाट तिच्या घोट्यांवरून मागे गेली.

"कसं हाय?" भावोजींनी विचारलं.

"गार हाय," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, त्यांच्याकडे न बघता, म्हणाली, "वाळू सरकते बोटांच्या मदून. खाली थोडी शिंपल्यांची चूर हाय, टोचते. आता परत आली लाट. गार, पन मगासपेक्षा कमी."

भावोजी डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक वाक्याला ते हळूच मान डोलवत होते, आणि ताई त्यांना सांगत राहिली.